मिनी लेथ

घरगुती कार्यशाळेत टेबलावर मावणारे छोटे धातू-कातयंत्र. शांघायच्या ‘सीग’ कंपनीचे सी२ व सी३ हे नमुने विशेष परिचित, त्यांवर सु. १८० मिमी. व्यासापर्यंतचा जॉब फिरतो. स्पिंडलची बॉल बेअरिंगे काढून निमुळती रोलर बेअरिंगे बसवणे ही महत्त्वाची सुधारणा होय. तीमुळे थरथर घटून जॉबला चांगले फिनिश येते. मात्र ही बेअरिंगे घट्ट करणारा स्पिंडलचा नट जास्त आवळल्यास ती तापतात. स्लाइडमधील ढिलेपणा काढणाऱ्या गिबपट्ट्यांचे स्क्रू असे जुळवावेत, की स्लाइड किंचित जड, पण न अडखळता सरकेल. काम संपल्यावर कीस ब्रशने झाडावा. हवेच्या झोताने तो स्लाइडखाली शिरतो. कीस झाडल्यानंतर बेडवर तेलाचा पातळ हात फिरवावा. चक-चावी चकमध्ये कधीही राहू देऊ नये.