जागा दाखवणारा माणूस

दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’चं बाहेरचं चित्रीकरण वांगणीला करायचं ठरवलं. नटमंडळी ढाली-तलवारी, भाले घेऊन पुढे गेली आणि फाळके कामासाठी मुंबईतच थांबले. गावाला वाटलं, दरोडेखोर आले. पाटलाला वर्दी गेली, पाटलाने फौजदाराला कळवलं आणि अयोध्येचा राजा लवाजम्यासकट अडकला. फाळके येऊन पोचले, त्यांनी कॅमेरा मांडला आणि आत फिल्म न घालताच चित्रीकरण कसं असतं ते करून दाखवलं, तेव्हा कुठे मंडळी सुटली, असा किस्सा सांगतात. जागा चांगलीच निवडली होती. पण आधी जाऊन गावाशी बोलून ठेवणारं कुणी नव्हतं.

चित्र 1913च्या मे महिन्यात झळकलं. त्यानंतर कित्येक वर्षं जागा शोधणं हे दिग्दर्शकाचं किंवा कलादिग्दर्शकाचंच काम राहिलं. ‘शोले’चं रामगढ शोधलं ते कलादिग्दर्शक राम येडेकरांनी, बंगळूरपासून सुमारे पन्नास किलोमीटरवरच्या रामनगराच्या खडकांत. 1973मध्ये तिथे युनिट उतरलं, रस्ता झाला, स्थानिकांना मजुरी मिळाली. पण त्या डोंगराच्या वाटा येडेकरांना दाखवल्या कुणी, हे कुठल्या श्रेयनामावलीत सापडायचं नाही.

वाटा-जागांचं हे ज्ञान विकलं जाऊ लागलं ते वाईसारख्या गावांत. वाईने बिहार आणि उत्तर प्रदेश इतक्यांदा वठवला आहे की एखाद्या नटालाही हेवा वाटावा: ‘गंगाजल’ (2003) मधला बिहार इथलाच, ‘दबंग’ (2010) मधलं लालगंजही बरंचसं इथलंच. ‘स्वदेस’चं चरणपूर म्हणजे शेजारचं मेणवली. तिथे नाना फडणवीसांचा वाडा, कृष्णेचा दगडी घाट आणि चिमाजीअप्पांच्या वसई मोहिमेतून आलेली पोर्तुगीज घंटा, सगळं हाकेच्या अंतरावर आहे. मुंबई-पुण्याहून गाडीने येता येतं आणि पसरणीचा घाट चढला की पाचगणीत मुक्कामाची सोय होते. निर्मात्याला देखावा हवा असतो, पण त्याहून जास्त हवी असते वाचलेली रात्र आणि वाचलेलं डिझेल.

अशा गावात हळूहळू एक माणूस तयार होतो. कुणाचा वाडा भाड्याने मिळेल, भाऊबंदकीत कुणाची सही राहिली आहे, बैलगाडी कुणाकडे अजून शाबूत आहे, यात्रा कधी आहे, सकाळी घाटावर ऊन किती वाजता उतरतं, हे सगळं त्याच्या डोक्यात असतं. एरवी त्याची शेती असते, नाहीतर दुकान किंवा जीप. जागा दाखवण्याचे पैसे हा वरच्या उत्पन्नाचा भाग. प्री-वेडिंग फोटोंची फॅशन आल्यापासून लहान फोटोग्राफरही त्यालाच फोन करतात, कारण पुण्याहून पहाटे निघून घाटावर परवानगीसाठी ताटकळत बसणं त्यांना परवडत नाही.

उजनीच्या काठावरची गोष्ट याहून वेगळी. 1980च्या सुमारास धरण पूर्ण झालं, भीमेकाठची गावं पाण्याखाली गेली आणि शेतातल्या माणसांपैकी अनेकांनी होडी आणि जाळं हाती घेतलं. धरणाच्या उथळ फुगवट्यावर हिवाळ्यात फ्लेमिंगो उतरू लागले. ते पाहायला भिगवण, कुंभारगाव, डिकसळ इथे कॅमेरेवाले येऊ लागले आणि मच्छीमारांच्याच होड्यांत बसू लागले. थवा आज कुठे आहे हे मच्छीमाराला पहाटे जाळं काढतानाच कळलेलं असतं. सूर्य फोटोग्राफरच्या पाठीशी राहील अशी होडी फिरवायची, इंजिन लांबच बंद करायचं, मग बांबूने रेटत जायचं, हे तो त्याच पाण्यावर शिकला. काही घरांत पर्यटकांना चिलापीचं जेवण आणि मुक्काम मिळू लागला.

यातली वाईट सवयही नोंदवायला हवी. उडत्या थव्याचा फोटो हवा म्हणून होडी पक्ष्यांच्या अंगावर घालायला लावणारी गिऱ्हाइकं असतात आणि पैशांसाठी तसं करणारे नावाडीही. जाणता नावाडी नकार देतो. त्याचं कारण निव्वळ पक्षिप्रेम नसतं: बिथरलेला थवा दुसरीकडे गेला, तर दुसऱ्या दिवशीच्या गिऱ्हाइकाला काय दाखवायचं?

आता जवळच्या कडबनवाडी आणि शिर्सुफळच्या माळरानांवर वनविभागाने स्थानिक मार्गदर्शक घेऊन सफारी सुरू केली आहे. तिथे चिंकारा आणि लांडगा दिसतात. तिथे वाट दाखवण्याचं आता ठरलेलं शुल्क आहे. पाण्यावरचा धंदा मात्र अजून ऋतूवरच चालतो. पक्षी परतले की फोन थंडावतात. म्हणून जाळं सोडून चालत नाही. भिगवणच्या बाजारात मासळीचा लिलाव फ्लेमिंगोंसाठी थांबत नाही.