अकराची घंटा

मंडळी, हंगेरीच्या पश्चिम टोकाला, ऑस्ट्रियाच्या सीमेला चिकटून कोसेग नावाचं छोटं शहर आहे. तिथे रोज सकाळी अकराला घंटा वाजते. बाराला नाही हं, अकरालाच. ऑगस्ट १५३२ मध्ये व्हिएन्नाच्या रोखाने निघालेली सुलतान सुलेमानची प्रचंड फौज इथे अडली. किल्लेदार मिक्लोश युरिशिच, जन्माने क्रोएशियन. हाताशी हजाराच्या आत माणसं, तीही बहुतेक शेतकरी आणि गावकरी. तरी तीन आठवड्यांहून जास्त त्यांनी किल्ला लढवला. ३० ऑगस्टला तुर्क निघून गेले, घंटा त्याची.

आता यात एक गोम आहे. शेवट निव्वळ लढून झाला नाही. वाटाघाटी झाल्या आणि तटावर तुर्की निशाणं लावू दिली गेली. म्हणजे नावापुरती शरणागतीच की! पण गाव हातचं गेलं नाही, आणि त्या वर्षी व्हिएन्नाला वेढाही पडला नाही. मला हा व्यवहारीपणा त्या शौर्याइतकाच मोलाचा वाटतो.

युरिशिच चौकाच्या तोंडाशी 'वीरांचा मनोरा' आहे. दिसतो मध्ययुगीन, पण बांधलाय १९३२ मध्ये, वेढ्याच्या चारशेव्या वर्षी. त्याआधी १९२१ मध्ये शेजारचा मुख्यतः जर्मनभाषक मुलूख ऑस्ट्रियाकडे गेला आणि कोसेग एकदम सीमेवर आलं. अशा वेळी १५३२ ची आठवण दगडात बांधावीशी वाटली, यात नवल नाही.

खरोखर जुनं बघायचं तर द्राक्षमळ्यांची वही बघा. १७४० पासून दर २४ एप्रिलच्या सुमारास वेलीचे कोवळे फुटवे आणून त्यांची चित्रं तिच्यात काढतात.