वाटाण्याचे रोप आणि भारतीय सिनेमा

भारतीय चित्रपटाचा इतिहास १९१३ सालच्या ‘राजा हरिश्चंद्र’पासून सांगायची प्रथा आहे. विज्ञान शिकवणाऱ्यांनी मात्र तो एक वर्ष आधीपासून, म्हणजे मुंबईतील एका कुंडीपासून सांगावा असे आम्हाला वाटते. त्या कुंडीत वाटाण्याचे रोप होते आणि समोर दादासाहेब फाळक्यांचा कॅमेरा. पौराणिक राजाच्या आधी त्या कॅमेऱ्याने एक नैसर्गिक घटना टिपली. सिनेमा पाहणारा माणूस सिनेमा करणारा कसा होतो, हे समजून घ्यायला याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

पाहणारे आणि टिपणारे

७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा खेळ झाला. तिकीट एक रुपया होते. पडद्यावर हलणारी चित्रे पाहून प्रेक्षक थक्क झाले आणि घरी गेले. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांचे तसे झाले नाही. ते व्यवसायाने छायाचित्रकार. त्यांनी इंग्लंडहून कॅमेरा मागवला आणि १८९९ साली मुंबईतील हँगिंग गार्डनमध्ये झालेली एक कुस्ती चित्रित केली. गणितातील रँग्लर झालेले र. पु. परांजपे १९०१ साली मायदेशी परतले, तेव्हा त्यांच्या स्वागताचा प्रसंगही सावेदादांनी टिपला.

सावेदादांनी घडणारी घटना टिपली. डोळ्यांना दिसत नाही ते कॅमेऱ्याने दाखवावे, ही त्यापुढची पायरी. ती फाळक्यांनी ओलांडली.

फाळक्यांचे पाहणे

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म १८७० साली त्र्यंबकेश्वरला झाला. मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात आणि बडोद्याच्या कलाभवनात त्यांचे शिक्षण झाले. छायाचित्रण, पुरातत्त्व खात्यातील नोकरी, ब्लॉक तयार करणे, रंगीत छपाई असे अनेक उद्योग त्यांनी केले. छपाईची नवी यंत्रे आणण्यासाठी ते जर्मनीलाही जाऊन आले. प्रकाश, भिंगे आणि रसायने यांच्याशी त्यांचा परिचय असा हाताने काम करून झालेला होता.

१९१०-११ च्या सुमारास गिरगावातील तंबूत त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिला. ख्रिस्ताच्या जागी आपले राम-कृष्ण पडद्यावर का दिसू नयेत, हा विचार त्यांच्या मनात आला. हा प्रसंग सर्वांना ठाऊक असतो. त्यानंतरचे महिने आम्हाला अधिक महत्त्वाचे वाटतात. फाळके जवळजवळ रोज सिनेमा पाहू लागले. चित्र कसे घेतले असेल, प्रकाश कोठून आला असेल, दोन दृश्ये कशी जोडली असतील, हे ते शोधत असत. या अतिश्रमाने त्यांची दृष्टी काही काळ जवळजवळ गेली होती. उपचारांनी ती परत आली.

मग आयुर्विम्याची पॉलिसी तारण ठेवून त्यांनी पैसे उभे केले आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये ते लंडनला गेले. तेथील निर्माते सेसिल हेपवर्थ यांच्या चित्रशाळेत त्यांनी काम पाहून घेतले, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा विकत घेतला आणि एप्रिलमध्ये ते परत आले. जेमतेम दोन महिन्यांत हे उरकले, कारण काय पाहायचे आणि काय विचारायचे हे त्यांना आधीच ठाऊक होते.

चित्र हलते कोठे?

येथे थोडे विषयांतर करू. चित्रपट हलताना का दिसतो, या प्रश्नाला अनेक पुस्तकांत ‘दृष्टिसातत्य’ असे एका शब्दाचे उत्तर असते. डोळ्यावर उमटलेली प्रतिमा क्षणभर टिकते, हे खरेच आहे. पडद्यावरची उघडझाप जाणवत नाही याचे कारण त्यात काही अंशी सापडते. परंतु प्रतिमा नुसत्या टिकून राहिल्या असत्या, तर एकीवर दुसरी चढून गिचमीड झाली असती. एका जागची आकृती दुसऱ्या जागी ‘गेली’, ही गती आपला मेंदू रचतो. जर्मन मानसशास्त्रज्ञ माक्स वेर्टहाइमर यांनी या आभासी गतीवरचा आपला प्रसिद्ध निबंध १९१२ सालीच प्रसिद्ध केला. फाळके मुंबईत रोपावर कॅमेरा रोखत होते ते हेच वर्ष. दोघांना एकमेकांची वार्ताही नव्हती.

रोप, दिवस आणि हिशेब

फाळक्यांना मोठा चित्रपट काढायचा होता, पण पैसा नव्हता. नव्या धंद्यात पैसे घालायला कोणी तयार होईना. तेव्हा त्यांनी वाटाण्याचे रोप कुंडीत वाढवले आणि कॅमेरा एका जागी ठेवून ठरावीक अंतराने एकेक चित्र घेतले. ही चित्रे सलग दाखवली की अंकुर फुटतो आहे, वेल वर चढते आहे, असे डोळ्यांदेखत दिसे. छायाचित्रणाच्या सामानाचे व्यापारी यशवंतराव नाडकर्णी हे दृश्य पाहून प्रभावित झाले आणि पैसे द्यायला राजी झाले.

ही पद्धत जगाला नवी नव्हती. जर्मनीत विल्हेल्म फेफर या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९०० च्या सुमारास वनस्पतींच्या हालचाली अशाच दाखवल्या होत्या. इंग्लंडमध्ये पर्सी स्मिथ यांचा फुले उमलताना दाखवणारा चित्रपट १९१० साली आला होता. फाळक्यांचे वैशिष्ट्य असे, की आपल्या नव्या यंत्राचे सामर्थ्य पटवून देण्यासाठी त्यांनी देव-दैत्य न निवडता अंकुर निवडला.

ही हकिकत सांगताना ‘महिनाभर रोज एक चित्र’ आणि ‘सुमारे एक मिनिटाची फिल्म’ अशी दोन विधाने पुष्कळदा एकत्र केली जातात. विद्यार्थ्यांना ती तपासायला सांगावीत. त्या काळी सेकंदाला साधारण १६ चित्रे दाखवीत. रोज एक याप्रमाणे महिन्याची ३० चित्रे होतात, आणि ती दोन सेकंदांच्या आत संपतात. एका मिनिटाला ९६० चित्रे हवीत. ती ३० दिवसांत घ्यायची तर रोज ३२, म्हणजे रात्रंदिवस दर पाऊण तासाला एक. फक्त दिवसाच्या बारा तासांत घ्यायची असतील, तर दर २२-२३ मिनिटांना एक. म्हणजे ही दोन विधाने एकाच वेळी खरी असू शकत नाहीत. एकतर फिल्म फार छोटी होती किंवा चित्रे रोज अनेक घेतलेली होती. ती फिल्म आज उपलब्ध नाही, पण कागद-पेन्सिलीने एवढे तरी निश्चित सांगता येते. इतिहासातील विधानही प्रयोगातील निरीक्षणासारखे तपासता येते, हे मुलांना यातून उमगेल.

अंधाऱ्या खोलीतले काम

चित्रपटाचे श्रेय एकट्या फाळक्यांना देऊन चालणार नाही. त्या वेळी कच्ची फिल्म भोके न पाडलेली येई. कडेची भोके यंत्राने, तीही अंधारात पाडावी लागत. हे काम फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई करीत. कॅमेऱ्यात फिल्म भरणे आणि ती रसायनांत धुणे हेही त्या शिकल्या. शिवाय मंडळींचा स्वयंपाक होताच.

या कष्टांचाही हिशेब मांडता येतो. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ चित्रे बसतात आणि प्रत्येक चित्राला दोन्ही कडांना चार-चार भोके लागतात. म्हणजे फुटाला १२८ भोके झाली. ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी सुमारे ३,७०० फूट होती. त्यात ५९,२०० चित्रे आणि ४,७३,६०० भोके होतात, तीही फक्त एका प्रतीत. एकही भोक सरकले तर पडद्यावर चित्र उडी मारणार. ३ मे १९१३ रोजी कॉरोनेशन सिनेमागृहात हा चित्रपट लोकांसमोर आला. त्यात तारामतीचे काम साळुंके या पुरुष नटाने केले होते, कारण स्त्रिया पडद्यावर यायला तयार नव्हत्या. पडद्यामागे मात्र एका स्त्रीचे हात सतत राबत होते.

चित्रपट कसा तयार होतो, हे दाखवणारी एक छोटी फिल्मही फाळक्यांनी पुढे काढली. तिचा काही भाग आज शिल्लक आहे. आपली विद्या झाकून न ठेवता उघडी करून दाखवणे, हा शिक्षकाचाच गुण म्हणावा लागेल.

आपल्या शाळेत

बुलढाणा जिल्ह्यातील जुन्या पिढीला यात्रेतला तंबूतला सिनेमा ठाऊक आहे. आजच्या मुलांच्या घरात मोबाइलच्या रूपाने पडदा आणि कॅमेरा दोन्ही आलेले आहेत. पाहणे भरपूर झाले आहे, टिपणे मात्र तेवढे झालेले नाही. म्हणून फाळक्यांचा प्रयोग शाळेत करून पाहावा.

आपल्याकडे रब्बीत हरभरा घरोघरी असतो. भिजवलेला हरभरा काचेच्या भांड्याच्या कडेला, बाहेरून दिसेल असा मातीत रोवा. शेजारी मोजपट्टी उभी करा. मोबाइल विटांच्या आधाराने पक्का बसवा आणि दर अर्ध्या तासाला एक चित्र घ्या. दहा दिवसांत ४८० चित्रे होतील, सेकंदाला २४ दाखवली तर २० सेकंदांची फिल्म. रात्री शाळेत कोणी नसेल तर फक्त दिवसाची चित्रे घ्या. मग रोज सकाळी रोप एकदम उडी मारून मोठे झालेले दिसेल. असे का दिसते, हे मुलांनाच विचारा. मोजपट्टीवरून उंचीचा आलेख काढा. दुसऱ्या भांड्यावर एकाच बाजूने उजेड पडू द्या आणि दोन फिल्म शेजारी ठेवून पाहा.

लोणारजवळच्या शाळांना आणखी मोठा विषय हाताशी आहे. जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा असंख्य छायाचित्रे निघाली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासणी करून, खारट पाण्यात वाढणारे रंगद्रव्ययुक्त सूक्ष्मजीव हे त्याचे कारण असल्याचे सांगितले. पण रंग कोणत्या दिवसापासून आणि किती वेगाने चढला, हे बदल झाल्यावर काढलेल्या सुंदर चित्रातून कळत नाही. त्यासाठी विवराच्या कडेवरील एकाच जागेवरून, एकाच दिशेने, आठवड्याला एक साधे चित्र वर्षानुवर्षे घ्यावे लागते. पाण्याची पातळी, काठची झाडी आणि रंग यांची नोंद त्यात आपोआप होईल. परिसर अभयारण्याचा असल्याने वन विभागाच्या नियमांत राहूनच हे करावे.

अशी नोंद ठेवायला भारी उपकरण लागत नाही. जागा न हलवणे, वेळ न चुकवणे आणि तारीख लिहून ठेवणे एवढे पुरते. एक वर्ग दहावी होऊन गेला की वही पुढच्या वर्गाकडे द्यावी. ज्या मुलाने चार आठवडे हरभरा टिपला, तो पुढच्या वेळी सिनेमा पाहताना कॅमेरा कोठे ठेवला होता, हे नक्की विचारील.