उत्तर ध्रुवाकडे हिवाळ्यात करतात काय?

नंदाखालहून तुमचा मित्र पुन्हा हजर आहे. ज्यांना लोकलच्या गर्दीत ऐकता येत नाही, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा एपिसोड लिहूनही देतोय.

तर झालं असं. डिसेंबर सुरू आहे, गावात नाताळच्या गोठ्यांची तयारी चाललीय. गोठ्याच्या छपरावर बर्फ म्हणून पिंजलेला कापूस पसरलाय आणि आम्ही वीस अंशांतच स्वेटर घालून फिरतोय. अशातच मी आईला सांगून टाकलं की पुढच्या हिवाळ्यात मला एकट्याने आर्क्टिकला जायचंय. स्वालबार्डला. नॉर्वेच्या उत्तरेला असलेली बेटं.

आई भाजी निवडत होती. म्हणाली, "तिकडे सूर्यच उगवत नाही म्हणतोस. मग हिवाळ्यात करतात काय?"

मी पॅकेज वाचून दाखवलं. कुत्र्यांची गाडी, स्नोमोबाइल, नॉर्दर्न लाइट्स. आई म्हणाली, "हे तीन दिवसांत संपेल. मग?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून शोधायला बसलो आणि थेट लोकमान्य टिळकांपाशी पोचलो. हसू नका, ऐका.

१८९७ मध्ये टिळकांना राजद्रोहाच्या खटल्यात १८ महिन्यांची शिक्षा झाली. त्याआधी १८९३ मध्ये त्यांचं 'ओरायन' आलं होतं. नक्षत्रांच्या जागांवरून वेदांचा काळ काढायचा प्रयत्न त्यात होता. त्यामुळे युरोपातल्या पंडितांना ते माहीत होते. मॅक्स म्युलर यांनी आपण संपादित केलेल्या ऋग्वेदाची दुसरी आवृत्ती त्यांना तुरुंगात पाठवली. रात्री काही तास दिव्याच्या उजेडात वाचायची परवानगी मिळाली.

तिथे त्यांच्या डोक्यात एक प्रश्न घुसला. ऋग्वेदात उषेचं, म्हणजे पहाटेचं, इतकं कौतुक का? आणि कधी कधी उषा एक नसून अनेक का? तैत्तिरीय संहितेत तर तीस उषा आहेत, एकमेकींच्या बहिणी. आता आपली पहाट किती असते, ते विरारहून पहाटेची लोकल पकडणाऱ्याला विचारा. घरातून निघताना अंधार, बोरिवली येईपर्यंत लख्ख उजेड. तासाभराचा खेळ. मग महिनाभर चालणारी पहाट कुणी पाहिली?

टिळकांचं उत्तर होतं, ध्रुवाजवळ राहणाऱ्यांनी. ठीक ध्रुवावर सहा महिने दिवस आणि सहा महिने रात्र. सूर्य वर येण्याआधी कित्येक आठवडे उजेडाची पट्टी क्षितिजावर गोल फिरत राहते. तारे उगवत नाहीत, मावळत नाहीत, डोक्यावर चाकासारखे फिरतात. हे सगळं वेदांतल्या वर्णनांशी जुळवून त्यांनी १९०३ मध्ये इंग्रजीत पुस्तक काढलं, 'द आर्क्टिक होम इन द वेदाज'. आर्यांचं मूळ घर आर्क्टिकमध्ये, असा दावा.

म्हणजे ना तिकीट, ना थर्मल, कोठडीतल्या दिव्याखाली सुरू झालेली आर्क्टिकची सोलो ट्रिप!

आता अवघड भाग. टिळकांचं नाव आलं की आपण एकतर हात जोडतो, नाहीतर मीम टाकतो. मला दोन्ही करायचं नाही. कोड रिव्ह्यू करताना माणूस कितीही सीनियर असला तरी लाइन बाय लाइन बघतो ना, तसं बघू.

आकाशाचं गणित बरोबर होतं. ध्रुवाजवळची रात्र, पहाट, ताऱ्यांचं फिरणं, सगळं तसंच असतं. निष्कर्ष मात्र टिकला नाही. त्यांनी तेव्हाच्या भूगर्भशास्त्रावर भरवसा ठेवला. शेवटचं हिमयुग येण्याआधी आर्क्टिक राहण्यासारखं उबदार होतं आणि ते हिमयुग साधारण दहा हजार वर्षांपूर्वी संपलं, असं त्यांनी धरलं. पुढे कळलं की त्याआधीचा उबदार काळ लाखभर वर्षं मागे जातो. मधला सगळा काळ कडाक्याच्या थंडीचा. शिवाय ठीक ध्रुवावर जमीनच नाही, समुद्रावरचा बर्फ आहे. आज बहुतेक संशोधक या भाषांचं मूळ काळ्या समुद्राच्या उत्तरेकडच्या गवताळ पट्ट्यात शोधतात.

पण माणसाने प्रश्न खरा विचारला होता. तपासायला तिथे जाऊन थांबायची सोय त्याच्याकडे नव्हती. ती सोय व्हायला पुढची १२० वर्षं गेली.

आणि एक योगायोग बघा. टिळक गेले १ ऑगस्ट १९२० ला. त्याच वर्षी फेब्रुवारीत पॅरिसमध्ये स्वालबार्डचा करार झाला आणि ब्रिटिश साम्राज्याचा भाग म्हणून भारताचंही नाव त्यात आलं. आज स्वालबार्डला वेगळा व्हिसा लागत नाही. पण वाटेत नॉर्वे लागतं, म्हणून शेंगेन व्हिसा काढावाच लागतो. मी सध्या त्याच फॉर्मवर अडकलोय.

मग खरोखर तिकडे गेलं कोण? पुण्याच्या शीतल महाजन. १८ एप्रिल २००४ ला त्यांनी उत्तर ध्रुवावर हेलिकॉप्टरमधून पॅराशूट घेऊन उडी मारली. वय २१, तापमान उणे ३७. आणि ती त्यांच्या आयुष्यातली पहिलीच उडी होती! पण एप्रिलमध्ये तिथे सूर्य वर असतो. हिवाळ्याचा प्रश्न राहिलाच.

१ जुलै २००८ ला स्वालबार्डमधल्या न्यू-ओलेसुंड गावात भारताचं 'हिमाद्री' केंद्र सुरू झालं. पूर्वीचं कोळसा खाणीचं गाव, आता संशोधकांचं. केंद्राचा कारभार चालतो गोव्यातून, वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राकडून. पण पंधरा वर्षं आपले लोक मुख्यतः उन्हाळ्यात जायचे. १८ डिसेंबर २०२३ ला पहिली हिवाळी मोहीम दिल्लीहून निघाली. त्यात पुण्याची उष्णदेशीय हवामान संस्था होती, गोव्याचं केंद्र होतं, आयआयटी मंडी आणि बंगळुरूची रामन संशोधन संस्था होती.

न्यू-ओलेसुंड ७९ अंश उत्तरेला. ऑक्टोबरच्या शेवटापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत सूर्य नाही. डिसेंबरात दुपारी बारा वाजताही तारे दिसतात, आकाश मोकळं असेल तर दुपारचा अरोराही. गावाबाहेर पाऊल टाकायचं तर पांढऱ्या अस्वलापासून बचावाची तयारी हवी, म्हणून खरं सोलो फिरणं तिथे जमतच नाही. आणि गावात वायफाय, ब्लूटूथ बंद, कारण तिथल्या अँटेना दूरच्या अवकाशातले अतिशय क्षीण रेडिओ संकेत टिपतात. म्हणजे तुमचे इअरबड्स खिशातच!

आता मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. या शांततेत रामन संस्थेने काय केलं? तिथला रेडिओ गोंगाट मोजला. कशासाठी? विश्वात पहिले तारे पेटले तेव्हाचा हायड्रोजनचा संकेत शोधायचाय, आणि तो आपल्या एफएमच्या आसपासच्या लहरींत दडलेला आहे. त्यासाठी शांत जागा हवी. त्या काळाला खगोलशास्त्रज्ञ काय म्हणतात माहितीये? विश्वाची पहाट.

टिळक आर्क्टिकमध्ये पहाट शोधत होते. १२० वर्षांनी आपले लोक तिथल्या रात्रीत जाऊन बसले, तेही एका पहाटेसाठीच. फरक एवढाच की आता मोजणी आधी, दावा नंतर.

आणि हे फक्त ताऱ्यांचं नाही. गोव्याच्या त्याच केंद्रातल्या संशोधकांनी २०२१ मध्ये एक अभ्यास मांडला. आर्क्टिकचा समुद्री बर्फ उन्हाळ्यात कमी होणं आणि सप्टेंबरात मध्य भारतात कोसळणारा अति पाऊस, यांच्यात संबंध असू शकतो असं त्यात दिसतं. सप्टेंबर म्हणजे आपल्याकडे भात तयार होत असतानाचा महिना. तो कापसाचा बर्फ वाटतो तितका लांबचा नाही.

रात्री आईला सांगितलं, "हिवाळ्यात तिथे अंधारात बसतात आणि मोजतात." तिने जरा विचार केला. म्हणाली, "मग तीन दिवसांचं पॅकेज कशाला घेतोस? थोडं जास्त थांब."

चला, व्हिसाचा फॉर्म उघडतो. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!