पोलादी साच्यांचे कवच

तांब्यापितळेच्या भांड्यास नवसागर व कथील यांनी कल्हई कशी करतात, हे आमच्या वाचकांस सांगणे नलगे. अन्न कळकू नये, एवढाच तिचा हेतू. परंतु ज्या पोलादी साच्यात रस ओतावयाचा, त्या साच्यासच कवच घालण्याचा इतिहास आम्हांस तितकाच मननीय वाटतो. असा साचा घडविणे फार खर्चाचे, आणि वितळलेले ॲल्युमिनियम तर पोलादास चिकटून त्यालाच खाऊ लागते.

आरंभी भिस्त क्रोमियमवर होती. १९२४ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात कॉलिन फिंक यांनी क्रोमिक आम्लाच्या शंभर भागांस गंधकाम्लाचा सुमारे एक भाग, हे प्रमाण राखून विजेने क्रोमियम चढविण्याची रीत व्यवहारात आणली. हा लेप अतिशय कठीण व निसरडा. पण वीज कंगोऱ्यांवर गर्दी करते, खोल कोपऱ्यांत पुरेशी पोहोचत नाही. आणि साच्याचे मर्म तर कोपऱ्यांतच! शिवाय हौदावर उडणाऱ्या आम्लाच्या तुषारांनी कारागिरांच्या नाकाच्या पडद्यास भोके पडत. साच्याचे आयुष्य मोजताना हेही मोजले पाहिजे.

दुसरी वाट अपघाताने सापडली. १९४४ साली वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय मानक संस्थेत ॲब्नर ब्रेनर व ग्रेस रिडेल हे नळीच्या आतून निकेल-टंगस्टनचा मुलामा चढवीत होते. लेपात ताण राही, म्हणून त्यांनी द्रावणात सोडियम हायपोफॉस्फाइट घातले. पाहतात तो नळी बाहेरूनही मढलेली! विजेच्या हिशेबाने बसावे त्याहून अधिक निकेल बसलेले. हिशेब चुकला म्हणून वही मिटणारे पुष्कळ असतात. या दोघांनी मात्र ताडले की, जादा निकेल रसायनानेच बसले आहे. हा गुण फ्रान्सच्या वुर्ट्झ यांनी १८४४ मध्येच पाहिला होता, पण त्यांच्या हाती केवळ भुकटी आली होती.

वीजच नाही, तेव्हा कंगोरा व कोपरा हा भेदही नाही. सुमारे ९० अंशांवरील द्रावण जेथे पोहोचेल तेथे सारखा थर बसतो. मिलिमीटरच्या चाळिसाव्या भागाइतका असला तरी पुष्कळ कामांस पुरतो. तो ४०० अंशांवर तासभर तापविला की काठिण्यात क्रोमियमच्या जवळ जातो. तापता आम्लवायू सोडणाऱ्या पीव्हीसीच्या साच्यांसाठी तो विशेष उपयोगी ठरला. वितळलेल्या ॲल्युमिनियमपुढे मात्र निकेलचे फारसे चालत नाही. तेथे पोलादातच नत्र मुरवितात, किंवा टायटॅनियम नायट्राइडसारखे थर देतात.

एक दुखणे मात्र कोणत्याही मुलाम्याने पुरते मिटलेले नाही. क्षणात तापणे, क्षणात निवणे यांनी पोलादास जाळीसारख्या बारीक भेगा पडतात. त्या खालच्या पोलादात शिरल्या की वरचे कवचही त्यांच्याबरोबर फाटते.