रोहिणीचे पाणी आणि चवदार तळे

बौद्ध धम्म हा शांतीचा धम्म आहे, याविषयी कोणाचेही दुमत नाही. परंतु शांती म्हणजे नेमके काय, याविषयी गैरसमज पुष्कळ आहेत. अन्याय सोसणाऱ्याने मुकाट्याने सोसत राहावे, असा या शब्दाचा सोयीस्कर अर्थ काढला जातो आणि त्यासाठी तथागतांचाच दाखला देण्यात येतो. हा अर्थ पालि वाङ्मयास आणि धम्माच्या इतिहासास कितपत मान्य आहे, हे पाण्याच्या दोन तंट्यांच्या आधारे आम्ही येथे तपासणार आहोत.

पहिला तंटा रोहिणी नदीचा. धम्मपदातील सुखवग्गाच्या पहिल्या तीन गाथांच्या अट्ठकथेत आणि कुणालजातकाच्या निदानकथेत तो आला आहे. शाक्य आणि कोलिय यांच्या नगरांमधून रोहिणी वाहत असे व तिच्यावरील एकाच बांधाच्या पाण्यावर दोन्ही बाजूंची शेती पिकत असे. ज्येष्ठ महिन्यात पिके सुकू लागली. पाणी दोघांना पुरणार नाही असे दिसताच शेतावरील दास-कर्मकरांत बाचाबाची झाली, ती कुळांची उणीदुणी काढण्यापर्यंत गेली आणि अखेर दोन्हीकडील क्षत्रिय शस्त्रे घेऊन नदीकाठी उभे राहिले. भगवंतांनी तेथे जाऊन भांडणाचे कारण विचारले. राजांना ते ठाऊक नव्हते. उपराजाला विचारा, सेनापतीला विचारा, असे करीत चौकशी दास-कर्मकरांपर्यंत पोहोचली, तेव्हा कोठे भांडण पाण्याचे असल्याचे कळले. मग पाण्याचे मोल किती आणि माणसाचे मोल किती, असा प्रश्न भगवंतांनी केला व युद्ध टळले.

या कथेत दोन गोष्टी विचार करण्याजोग्या आहेत. पहिली अशी की, भगवंत केवळ ‘भांडू नका’ असे सांगून परतले नाहीत; त्यांनी कारण शोधावयास लावले, आणि ते कारण सर्वांत खालच्या माणसाला माहीत होते. दुसरी अशी की, युद्ध टळल्यावर पाण्याची वाटणी कशी झाली, याबद्दल अट्ठकथा मौन पाळते. रक्तपात थांबला, पण न्यायाचा प्रश्न कथेने मोकळाच सोडला.

आधुनिक काळात मराठी विचारवंतांनी नेमक्या याच कथेकडे लक्ष दिले, हा योगायोग नव्हे. आचार्य धर्मानंद कोसंबी यांनी ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथात सुत्तनिपातातील अत्तदण्डसुत्ताच्या आधारे शाक्य-कोलियांच्या कलहाचा संबंध बोधिसत्त्वाच्या गृहत्यागाशी जोडला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात वृद्ध, रोगी व मृत यांच्या दर्शनाची परंपरागत कथा नाकारून रोहिणीचा तंटाच परिव्रज्येचे कारण म्हणून मांडला आहे. तेथे सिद्धार्थ युद्धाला विरोध करतो, पण तेवढ्यावर थांबत नाही. दोन्ही पक्षांनी प्रत्येकी दोन माणसे निवडावीत, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि पाचांनी निवाडा करावा, असे तो सुचवितो. अट्ठकथेने मोकळी सोडलेली जागा येथे भरून निघते. सिद्धार्थाला धाक घातला जातो तोही कुटुंबावरील सामाजिक बहिष्काराचा व जमीनजप्तीचा. हा तपशील लिहिणाऱ्या लेखणीला बहिष्कार म्हणजे काय, हे अनुभवाने ठाऊक होते.

दुसरा तंटा महाडचा. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलने १९२३ साली संमत केला. महाड नगरपालिकेने १९२४ साली त्याला अनुसरून ठरावही केला. परंतु तो कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब व त्यांचे अनुयायी चवदार तळ्यावर गेले व पाणी प्याले. त्यानंतर परिषदेच्या प्रतिनिधींवर हल्ला झाला. प्रतिनिधींत लष्करात नोकरी केलेली माणसे होती. प्रतिकाराचे बळ त्यांच्यात नव्हते असे नाही. तरी बाबासाहेबांनी शांतता राखण्यास सांगितले आणि ती राखली गेली. डिसेंबरमध्ये न्यायालयाचा तात्पुरता मनाई हुकूम आल्यावर तळ्यावर पुन्हा जाण्याचा बेत तहकूब करण्यात आला. हक्क मात्र सोडण्यात आला नाही. दावा दहा वर्षे चालला. बहिष्काराची वहिवाट अनादी काळापासूनची असल्याचे वादींना सिद्ध करता आले नाही, आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बाबासाहेबांच्या बाजूने निकाल दिला.

१९२७ साली बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतलेली नव्हती. म्हणून महाडला बौद्ध सत्याग्रह म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. शिवाय शाक्य आणि कोलिय हे परस्परांचे आप्त व तुल्यबळ होते. महाडमध्ये मात्र एका बाजूकडे तळे होते, तर दुसऱ्या बाजूकडे तहान. जेथे पशूंना पाणी पिण्याची मोकळीक होती, तेथे माणसाला ती नव्हती. म्हणून ‘पाणी मोलाचे की माणूस’ हा रोहिणीकाठचा प्रश्न महाडमध्ये दोघांना सारखाच लागू होत नाही. तो पाणी अडविणाऱ्याला विचारावा लागतो. तहानलेल्याला तोच प्रश्न विचारून घरी पाठविणे, ही शांती नव्हे.

हा इतिहास केवळ ग्रंथांत राहिलेला नाही. वाकोल्याचा नाला मिठी नदीला मिळतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रुझच्या वेधशाळेत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला व या परिसराने पाण्याचा प्रलय पाहिला. त्याच महानगरात अनधिकृत ठरविलेल्या झोपड्यांना नळ नाकारण्याचे धोरण वर्षानुवर्षे चालले. पाणी हक्क समितीच्या याचिकेवर १५ डिसेंबर २०१४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने पाण्याचा हक्क हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचे सांगितले व अशा वस्त्यांना पाणी देण्याचा आदेश दिला. मात्र अधिकृत घरांच्या बरोबरीने हक्क त्यांना मागता येणार नाही, असेही त्याच निकालात म्हटले आहे. ही समिती धार्मिक संस्था नव्हे. परंतु महाडच्या निकालाशी या निकालाचे नाते उघड आहे, आणि बरोबरीचा प्रश्न उरलाच आहे, हेही तितकेच उघड आहे.

विहारात मैत्रीभावना करणाऱ्या उपासक-उपासिकांनी म्हणून या दोन्ही तंट्यांचा एकत्र अभ्यास करावा, असे आम्हांस वाटते. रोहिणीने शस्त्र खाली ठेवावयास शिकविले, तर चवदार तळ्याने शस्त्र न उचलता मागणी कायम ठेवावयास शिकविले. कलहाचे कारण सर्वांत खालच्या माणसाला विचारावे, आणि त्याने सांगितल्यावर वाटणीचा प्रश्न सुटेपर्यंत तेथून उठू नये, हाच या परंपरेतील शांतीचा अर्थ होय.