उकलणे : एका क्रियापदाची कुळकथा
फोडणे, तोडणे, मोडणे या क्रियापदांत वस्तूचा अंत गृहीत धरलेला असतो. उकलण्यात मात्र वस्तू शाबूत राहते, केवळ तिच्या अवयवांना जखडणारे बंध सुटतात, आणि म्हणूनच हे क्रियापद मला मराठीतील अत्यंत सुसंस्कृत क्रियापदांपैकी एक वाटत आले आहे. संस्कृतातील ‘उत्कलित’ म्हणजे बंधमुक्त झालेले, उमललेले. त्याच कुळातले हे दिसते. घडी उकलते, दोराचा पीळ उकलतो. उसवणे शिवणीपुरते राहिले. उकलणे मात्र थेट दफ्तरात शिरले.

त्याचे कारण मोडी लिपीच्या घडणीत आहे. कारकून आधी कागदावर आडवी रेघ ओढी आणि तिच्याखाली लेखणी शक्य तितकी न उचलता मजकूर लिहीत जाई. शब्दाशब्दांत अंतर नसे, विरामचिन्हे नसत. असा कागद वाचायचा म्हणजे सलग ओळीतून एकेक शब्द सुटा करायचा. ‘मोडी उकलणे’ हा प्रयोग त्यामुळे अलंकारिक नाही, तो त्या कष्टाचे यथातथ्य वर्णन आहे. मराठवाड्यातील फुलंब्रीसारखा मुलूख तर निजामाच्या अमलातला. तेथे 1884 साली फारसीच्या जागी उर्दू ही दरबारी भाषा झाली, त्यामुळे जमिनीच्या कज्जात घरची मोडी एकाने आणि सरकारी उर्दू दुसऱ्याने उकलून द्यावी असा प्रसंग रयतेवर येई. 2023 साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या निमित्ताने मराठवाड्यातील जुन्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा या दोन्ही लिप्यांचे जाणकार पुन्हा शोधावे लागले.

यंत्रे मात्र या क्रियापदाच्या वाट्याला आली नाहीत. विहिरीवरची मोटर जळाली की मिस्त्री ती ‘खोलतो’. हे क्रियापद हिंदुस्थानीतले, कारखान्यांच्या बोलीबरोबर ते सर्वत्र गेले आणि दखनी कानावर असलेल्या या भागात सहज रुजले असावे. पान्याने नट सैल करून तो झाकण, पंखा, बेअरिंग क्रमाने पोत्यावर मांडतो, कारण उलट क्रमानेच ती परत बसवायची असतात. जळकी तार काढून नवी गुंडाळणे याला ‘मोटर भरणे’ म्हणतात. तरीही जुने क्रियापद तेथून हद्दपार झालेले नाही. “मोटर खोलली भाऊ, पण बिघाड काही उकलंना,” असे मिस्त्री म्हणतो, तेव्हा हाताचे काम एका क्रियापदाकडे आणि बुद्धीचे दुसऱ्याकडे अशी वाटणी त्याच्या एकाच वाक्यात झालेली असते.